'भीम' चा 'मीम' होऊ देऊ नका : बॅनरवरची सोनेरी अक्षरे आणि हरवलेले वाक्य

एप्रिल महिना उजाडला की मोहने, आंबिवली, अटाळी, वडवली, शहाड या आपल्या पट्ट्यात एकही विजेचा खांब मोकळा राहत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी, फुगीर, चकाकणारी अक्षरे. अक्षरांना पांढरी जाड कड, कडेला काळी सावली, सावलीच्या मागे निळा उजेड. मध्ये बाबासाहेब, बाजूला तथागत, वर फुले-शाहू. खाली शिक्क्यांसारखे गोल केलेले तीस-चाळीस चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्याखाली मुंगीच्या पावलाएवढे नाव. आंबिवली स्टेशनकडून येणाऱ्या रिक्षात बसून हे बॅनर वाचायचा प्रयत्न करा. चेहरे ओळखू येत नाहीत, नावे वाचता येत नाहीत. जे सर्वांत मोठे लिहिलेले आहे ते 'जयभीम' देखील नीट वाचता येत नाही. 'भ' ची फट त्या जाड कडेने बुजवून टाकलेली असते आणि लांबून 'भीम' चा 'मीम' झालेला असतो.

ही थट्टा नाही. देवनागरीत 'भ' आणि 'म' यांच्यात फरक केवढा? 'भ' च्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते आणि डावीकडची गाठ वर वळते, एवढाच. 'ध' आणि 'घ' यांचेही तसेच. ती फट बुजली की 'धम्म' चा 'घम्म' होतो. ज्या समाजाने अक्षरासाठी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला, त्याच्याच बॅनरवर त्याच्याच महामानवाचे नाव चुकीचे वाचले जावे, आणि तेही सजावटीच्या हौसेपायी, याचा विचार आपण करणार आहोत की नाही?

पण त्याआधी एक हिशेब चुकता करणे आवश्यक आहे.

आपल्या बॅनरवर नाके मुरडणारा एक वर्ग आहे. त्याला आपला निळा भडक वाटतो, आपले सोनेरी गावंढळ वाटते. 'यांना सौंदर्यदृष्टी नाही' असे तो इंग्रजाळलेल्या मराठीत सांगतो. हाच वर्ग गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या, लग्नपत्रिकेवरच्या, सराफाच्या पाटीवरच्या सोनेरी अक्षरांना 'परंपरा' म्हणतो. म्हणजे सोने तेच, चकाकी तीच. ते कोणाच्या नावाला लागले आहे एवढ्यावरून अभिरुची ठरते! या अभिरुचीला आम्ही जातीची अभिरुची म्हणतो आणि तिचे प्रमाणपत्र आम्हाला नको आहे.

आपल्या माणसाला आपल्या महापुरुषाचे नाव सोन्यात लिहावेसे वाटते, याला इतिहास आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेत शिकलेली ती मुलगी. तिने महार-मांगांचे दुःख लिहिले तेव्हा आपल्या समाजात अक्षर ओळखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली आणि 'केसरी' ने त्याची साधी जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. ज्यांचे नाव दुसऱ्याच्या कागदावर विकतही छापले जात नव्हते, त्यांची लेकरे आज ते नाव वीस फूट लांबीच्या कापडावर सोन्यात लिहितात. यात हक्काची भावना आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे.

म्हणून आमचे भांडण सोन्याशी नाही. सोन्याने जे वाक्य गिळले, त्याच्याशी आहे.

आता हे सोने बनते कसे, ते नीट पाहू. आपल्यातले बरेच तरुण हे काम रोज करतात. फोटोशॉपमध्ये अक्षरावर 'लेयर इफेक्ट' लावायची सोय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधी असा फुगवटा आणायला पुष्कळ खटपट करावी लागे. आता अक्षर लिहिले, लेयरवर दोनदा टिचकी मारली की यादी उघडते. 'बेव्हल अँड एम्बॉस' ने अक्षर फुगते, त्याच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला अंधार येतो. 'ग्रेडियंट ओव्हरले' ने तपकिरी, पिवळा, पांढरा, पुन्हा पिवळा असे पट्टे चढतात आणि डोळ्याला धातूचा भास होतो. 'स्ट्रोक' ने कड येते. 'ड्रॉप शॅडो' ने अक्षर कापडापासून उचलल्यासारखे दिसते. 'आउटर ग्लो' ने भोवती तेज येते. ज्याच्याकडे संगणक नाही तो हेच मोबाइलवर पिक्सेललॅबमध्ये करतो. तयार स्टाइल डाउनलोड करून चिकटवली की अर्ध्या मिनिटात काम होते.

गोची इथेच आहे. या तयार स्टाइल बहुतेक रोमन अक्षरे समोर ठेवून बनवलेल्या असतात. रोमन अक्षर सुटे उभे राहते. त्याच्या वर वेलांटी नाही, खाली उकार नाही, डोक्यावर रेघ नाही. आपले अक्षर तीन मजली आहे. तीच स्टाइल त्यावर चढवली की काय होते?

जाड स्ट्रोकने 'भ', 'ध' ची फट बुजते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. 'बुद्ध', 'प्रबुद्ध', 'सिद्धार्थ' यांतल्या 'द्ध' च्या आतली पोकळी भरून जाते आणि तिथे नुसता गोळा उरतो. सावलीमुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत मिसळतो. सोनेरी पट्ट्यातला गडद तपकिरी भाग गडद निळ्यावर विरघळतो, म्हणून रफार आणि मात्रा गायब होतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत योग्य सेटिंग नसेल तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. असा फुटलेला 'संविधान' शब्द छापून चौकात टांगला जातो आणि त्याखाली फटाके वाजतात.

कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या चुकांवर लेख कशाला? लोकांना भावना कळतात. आम्ही विचारतो, भावना कळतात, मग विचार कधी कळणार?

कारण खरी तक्रार अक्षराच्या आकाराहून मोठी आहे. बॅनरवर सर्वांत मोठे अक्षर कोणाचे, हे पाहा. सुरुवातीला ते 'जयभीम' चे होते. मग त्याच्या शेजारी 'भाऊ' आले. मग भाऊंचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा झाला. आता कित्येक ठिकाणी भाऊ हात जोडून पुढे उभे असतात आणि बाबासाहेब मागे, आकाशात, धूसर. भाऊंच्या नावाला सोने आणि बाबासाहेबांच्या विचाराला जागाच नाही! पूर्ण बॅनरवर क्रियापद असलेले एक वाक्य सापडत नाही. 'हार्दिक शुभेच्छा', 'शुभेच्छुक', 'सौजन्य', 'आधारस्तंभ', 'मार्गदर्शक', 'युवा नेतृत्व' ही सगळी नामे आहेत. ज्या माणसाने आयुष्यभर शिका, संघटित व्हा म्हणून क्रियापदे दिली, त्याच्या जयंतीला आपण फक्त नामे टांगतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेलही, राजकारणात ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. हा इशारा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे. मग 'आउटर ग्लो' लावून भाऊंच्या डोक्यामागे तेजोवलय कोण काढतो? देवांच्या तसबिरीतली ती प्रभा आपल्या बॅनरवर कुठून आली? ब्राह्मणी प्रतिमा आपण दारातून हाकलली आणि ती सॉफ्टवेअरच्या यादीतून पुन्हा आत आली.

आता मोहनेचेच पाहा. इथल्या एनआरसी कारखान्याच्या भोंग्यावर दोन पिढ्यांची घड्याळे चालली. रेयॉनच्या त्या कारखान्यात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही आलेली माणसे कामाला होती, त्यात आपली माणसेही होती. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रखडला. प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले, वसाहत ओस पडत गेली, देण्यांची वाट पाहता पाहता अनेक कामगार वारले. बाबासाहेब हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते, त्यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या पक्षाचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष होते. मग त्यांच्या जयंतीला, बंद कारखान्याच्या गावात, किती बॅनरवर 'कामगार' हा शब्द असतो? आपल्या सोन्याला तो शब्द झेपत नाही काय?

बाबासाहेबांकडे फोटोशॉप नव्हते. खिळे जुळवून छापायचा काळ होता तो. 'मूकनायक' नंतर ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ही नावेच पाहा. मूक असलेल्यांचा नायक, बहिष्कृत असलेला भारत, मग जनता, मग प्रबुद्ध झालेला भारत. चार नावांत एका समाजाचा प्रवास सांगितला आहे आणि तो सांगायला कसलीही चकाकी लागली नाही. 'बहिष्कृत भारत' चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहून भरावे लागत. आपला छापखाना हवा म्हणून त्यांनी छापखाना उभा केला. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना रात्रीत पाडला गेला, तेव्हा समाज पेटून रस्त्यावर उतरला. योग्यच केले. पण आज प्रत्येक तरुणाच्या खिशात मोबाइल आहे, म्हणजे एक छापखाना आहे. त्या छापखान्यातून आपण काय छापतो आहोत, हा प्रश्न त्या मोर्चात चाललेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

आणि सजावट म्हणजे विचाराची शत्रू, असेही आमचे म्हणणे नाही. भारताच्या संविधानाची मूळ प्रत पाहा. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी ती हाताने लिहिली. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या शिष्यांनी तिची पाने सजवली. उद्देशिकेच्या पानाभोवतीची नक्षी ब्यौहार राममनोहर सिन्हा यांच्या हातची आहे. ती नक्षी बारीक आहे, भरगच्च आहे, पण ती कडेला उभी आहे. मधला मजकूर स्वच्छ आहे. 'न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता' यांतला एकही शब्द वेलबुट्टीत अडकलेला नाही. सजावटीने मजकुराला वाट करून द्यायची असते, हे तत्त्व आपल्या संविधानाच्या पहिल्याच पानावर आहे. ते बॅनरवर आणणे अवघड आहे का?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट मांडतो.

पहिली गोष्ट, आधी वाक्य लिहा, मग सॉफ्टवेअर उघडा. प्रत्येक बॅनरवर क्रियापद असलेले आणि लोकांच्या कामाचे एक तरी वाक्य हवेच. उदाहरणार्थ : 'अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, कलम १८ अ.' किंवा : 'पोलिसांनी तुमची फिर्याद तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत दिली पाहिजे, कलम ४.' किंवा : 'दहावीनंतर शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांनी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरा.' हे वाक्य सोन्यात लिहा, हवे तेवढे चमकवा. ज्या आईला चौकीत हाकलून लावले जाते, तिला ते बॅनर उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट, अक्षर वाचता आले पाहिजे. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक साधा ठोकताळा आहे : दहा फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षर निदान एक इंच उंच हवे. रस्त्यापलीकडच्या तीस फुटांवरच्या माणसासाठी तीन इंच. मात्रा-उकार धरणाऱ्या देवनागरीला त्याहून थोडे जास्तच. आता चाळीस शुभेच्छुकांची नावे तीन इंचांत बसवून दाखवा! बसत नाहीत. याचा अर्थ ती नावे वाचण्यासाठी लिहिलेली नसतात, मिरवण्यासाठी लिहिलेली असतात. तिथे 'समस्त भीमसैनिक, मोहने' एवढी एक ओळ लिहा. जागा वाचेल आणि भांडणेही वाचतील.

तिसरी गोष्ट, कड द्यायची तर बारीक द्या आणि 'भ', 'ध', 'द्ध' उघडे राहतात का ते पाहा. पूर्ण झालेले चित्र एकदा कृष्णधवल करून बघा. रंग काढल्यावर अक्षर हरवत असेल तर ते चित्र अपुरे आहे. मग मोबाइलवर अंगठ्याएवढे करून हातभर लांबून बघा. हे दोन मिनिटांचे काम आहे.

चौथी गोष्ट, युनिकोडमध्ये लिहा. मुक्ता, बालू, नोटो असे देवनागरी फाँट मोफत मिळतात. फोटोशॉप परवडत नसेल तर जिंप मोफत आहे, फोटोपिया ब्राउझरमध्ये चालते. चोरीच्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या फाँटवर अडून राहायचे कारण उरलेले नाही. जुन्या फाँटमधला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते, शोधला तर सापडत नाही. आणि चित्र पाठवताना तोच मजकूर खाली साध्या अक्षरांतही लिहा. आपल्या समाजातला दृष्टिहीन विद्यार्थी मोबाइलकडून मजकूर वाचून घेतो. चित्रातले सोने त्याच्या फोनला वाचता येईलच असे नाही. त्याला वगळून कसली समता?

पाचवी गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. जो मुलगा किंवा मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत जागून हे बॅनर बनवते, तिला पैसे द्या. 'समाजाचे काम आहे' म्हणून भाऊ फुकट बॅनर बनवून घेतात, छापणाऱ्याला मात्र फुटाच्या भावाने रोख मोजतात. श्रमाचे मोल न देता काम करून घेणे याला आपल्या इतिहासात एक नाव आहे : वेठ. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध लढले ते याचसाठी. जयंतीच्या बॅनरसाठी वेठबिगारी चालणार नाही. आणि एडिटर मित्रांनो, तुम्हीही लक्षात घ्या, तुमच्या हातातले कौशल्य भाऊंच्या वाढदिवसापुरते नाही. शाळेत प्रवेश नाकारला, रेशन अडवले, झोपडीला नोटीस आली, की तासाभरात वाचता येईल असे पत्रक बनवणारा माणूस वस्तीला हवा असतो. तो माणूस तुम्ही आहात.

'लोक वाचत नाहीत, म्हणून चमकवावे लागते' ही सबब आम्हाला अनेकदा ऐकवली जाते. ती खोटी आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला या. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. पायात चप्पल नसलेला माणूस डोक्यावर पुस्तकांचे गाठोडे घेऊन परत जातो. देशात कुठल्या जत्रेत इतकी पुस्तके विकली जातात? ज्या समाजाने आपल्या नेत्याला पुस्तकांतून ओळखले, तो समाज वाचत नाही असे म्हणणे हा त्या समाजाचा अपमान आहे. लोक वाचतात. त्यांना वाचण्यासारखे काही दिले जात नाही.

येत्या जयंतीला मोहने गेटपासून आंबिवली स्टेशनपर्यंत बॅनर लागतीलच, लागलेच पाहिजेत. परवानगी घेऊन लावा, म्हणजे महापालिकेला उतरवायला निमित्त मिळणार नाही. निळा ठेवा, सोने ठेवा, हौस पुरी करा. पण खालून जाणाऱ्या बंद कारखान्याच्या म्हाताऱ्या कामगाराने, चष्मा नसताना, मान वर करून ते वाचले पाहिजे. आणि वाचून झाल्यावर त्याला पूर्वी माहीत नसलेली एक तरी गोष्ट कळली पाहिजे.

'भ' ची फट उघडी ठेवा. बाबासाहेबांचे नाव बाबासाहेबांचेच वाचले जाऊ द्या.

जयभीम! जय संविधान!